चाल उसनी, शब्द घरचे

जुन्या पेठेतल्या जैन घरात कपाटाचा तळ उपसला की सामायिकाचे आसन, मुखवस्त्रिका आणि माळ यांच्याबरोबर एखादी स्तवनांची वही हमखास हाती लागते. ती शाळेच्या वहीसारखी नसते. दिवाळीत दुकानासाठी नव्या वह्या येत, तेव्हा घरातल्या बायकांसाठी एखादी पातळ वही जास्तीची मागवली जाई. तीच ही लाल कापडाची, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली लांबट वही. दुकानातल्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि कयवन्ना शेठांचे सौभाग्य मागितले जाई. पुढच्या पानापासून जमा-नावे सुरू होई. घरातल्या वहीच्या पहिल्या पानावर नवकार मंत्र असे आणि पुढच्या पानापासून स्तवने. जमाखर्चासाठी पाडलेल्या घड्यांची पर्वा न करता त्यांच्या ओळी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेल्या असत.

या वह्यांतले एक बारीक अक्षर मात्र सहसा नजरेतून सुटते. अनेक स्तवनांच्या वर, कोपऱ्यात, ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे एखाद्या चित्रपटगीताची सुरुवात. गाणे कधी १९५०च्या दशकातले, कधी १९७०च्या. खाली पार्श्वप्रभूंची स्तुती आणि वर त्या काळी गल्लोगल्ली वाजणारे प्रेमगीत! आजच्या वाचकाला प्रथम हसू येईल. पण व्यापारी कुटुंबांच्या तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यात बाहेरचे जग कसे आले आणि घराने त्याचे काय केले, याचा सारा हिशेब त्या कोपऱ्यातल्या एका शब्दात नोंदलेला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत या घरांचे घड्याळ सूर्यावर चालत असे. नगरचा कापड बाजार असो, पुण्याची रविवार पेठ असो की बार्शी, लातूर, जळगावची बाजारपेठ असो, दिवस उगवल्यावर नवकारसी आणि दिवस मावळण्यापूर्वी चौविहार, या दोन टोकांमध्ये घराचा आणि दुकानाचा व्यवहार बसवलेला असे. संध्याकाळ झाली की दुकानातला एकेक जण पाळीपाळीने घरी येऊन जेवून जाई. चातुर्मासात हिरवा पाला स्वयंपाकघरात येत नसे. मूग, कढी, पापड, वड्या आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या जिनसांवर चार महिने निघत. पाणी गाळून, उकळून पितळी भांड्यात भरले जाई. पाहुणा रात्री उशिरा आला तर यजमानीण कासावीस होई आणि पाहुणाच ‘माझे आटोपले आहे’ म्हणून तिची सुटका करी.

दुकानातही तेव्हा मोठे बदल चालले होते. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. मागोमाग शेर, छटाक आणि मण जाऊन किलो आणि ग्रॅम आले. मुनीमजी काही काळ दोन्ही हिशेब मनात करीत आणि गिऱ्हाइकाला बोटांवर समजावून सांगत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र ‘चार आणे’ हा शब्द पुढे कित्येक वर्षे सोडला नाही.

कपड्यांची रीत साधी होती. कापडाचे दुकान असलेल्या घरातही मुलांना वाटेल तो कपडा मिळत नसे. दिवाळीला एका ताग्यातून चार मुलांचे सदरे आणि दोन मुलींचे परकर निघत, म्हणून जुन्या छायाचित्रांत सगळी भावंडे एकाच पडद्यातून कापल्यासारखी दिसतात. वडीलधारी माणसे धोतर, बंद गळ्याचा कोट आणि टोपी घालून गादीवर बसत. मारवाडी घरांत ओढणी आणि घुंगट, गुजराती घरांत उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, तर सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर घरांत नऊवारी, अशा तिन्ही रीती एकाच सणाला एकाच गावात दिसत. मग टेरीन आणि टेरीकॉट आले. धुवावे, झटकावे आणि दोरीवर टाकावे, इस्त्रीची गरज नाही, या गुणांवर ते कापड घरोघर पोहोचले. सुती वायल आणि लठ्ठा मागच्या फळीवर गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून माल घेणाऱ्या पेठांचे जुने गणित कायमचे बदलले.

या नेमस्त घरांत चित्रपटसंगीत आले ते रेडिओवरून. लाकडी पेटीचा, गरम व्हायला वेळ घेणारा तो रेडिओ भिंतीतल्या फळीवर विराजमान असे. त्यावर भरतकामाचे आच्छादन घातले जाई आणि त्याच्या परवान्याचे पैसे दरवर्षी टपाल कचेरीत भरावे लागत. १९५२ साली माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारशी जागा उरली नाही, आणि श्रोत्यांनी सुई सरकवून रेडिओ सिलोन गाठले. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज घुमू लागला, तेव्हा चातुर्मासात स्थानकातले किंवा उपाश्रयातले प्रतिक्रमण आटोपून बायका घराकडे परतत असत. वाटेत कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ मोठ्याने लावलेला असे. थांबायचे तर नाही, पण पाऊल सावकाश टाकायला कोणाची हरकत नव्हती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि ही गाणी आकाशवाणीवरही मानाने आली. मराठी कानांना १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने वर्षभर वेड लावले होते. विमलसूरींच्या ‘पउमचरियं’मधली वेगळी रामकथा ठाऊक असलेली जैन घरेही ते तन्मयतेने ऐकत.

चित्रपट पाहणे ही वेगळी गोष्ट होती. अनेक घरांत मुलींना त्याची परवानगी नसे. पण ज्या घरात चित्रपट वर्ज्य, त्याच घराच्या दुकानात चित्रपटाच्या नावाने कापड विकले जाई. १९६० साली ‘लव्ह इन शिमला’ आला आणि नायिकेच्या कपाळावरच्या केसांना ‘साधना कट’ हे नाव पडले. १९७३ साली ‘बॉबी’ आला आणि मोठ्या ठिपक्यांच्या कापडाला गिऱ्हाईक ‘बॉबी प्रिंट’ म्हणू लागले. गादीवरच्या शेठजींनी दोन्ही चित्रपट पाहिलेले नसत. कोणत्या छापाला किती मागणी आहे, हे मात्र त्यांना अचूक ठाऊक असे. धंदा आणि धर्म यांच्यातली ही तडजोड कोणी बोलून दाखवत नसे, पण ती सर्वांना समजत असे.

घरातल्या बायकांनीही आपली तडजोड शोधली. चाल घ्यायची, शब्द टाकून द्यायचे. दुपारी महिला मंडळ जमे. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा देणारी एखादी चुणचुणीत मुलगी रेडिओवरची चाल गुणगुणे आणि मग तिच्यात शब्द बसवण्याचे काम सुरू होई. हे काम वाटते तितके सोपे नाही. ध्रुवपदाचे वजन जपावे लागते, अंतऱ्यात चाल वर चढते तिथे मनातली मागणी यावी लागते, आणि प्रभूंचे नाव ओढूनताणून बसवता येत नाही. ‘पार्श्वनाथ’ जड झाले तर ‘पारस’, ‘शांतिनाथ’ लांब झाले तर ‘शांति जिणंद’, ‘महावीर’ पुरले नाही तर ‘त्रिशलानंदन’ असे पर्याय शोधले जात. मात्रा मोजण्याचे शास्त्र कोणी शिकले नव्हते. टाळीवर ओळ बसली की ती वहीत जाई. भाषेचेही बंधन नव्हते. मारवाडी क्रियापद, गुजराती सर्वनाम, हिंदी विशेषण आणि मराठी हाक अशा चौघी एका ओळीत सुखाने नांदत. मासखमणाच्या पारण्याला, दीक्षार्थीच्या वरघोड्याला, पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी आणि ओळीच्या नऊ दिवसांत ही स्तवने म्हटली जात. १९७४-७५ साली भगवान महावीरांचा २५००वा निर्वाण महोत्सव देशभर साजरा झाला, तेव्हा पंचरंगी ध्वज घेऊन निघालेल्या मिरवणुकांसाठीही गावोगावी गाणी हवी होती. त्या वर्षीची पाने या वह्यांत अधिक दाट भरलेली दिसतात.

या प्रकाराला विरोध झाला नाही, असे नाही. ‘ओठांवर प्रभू आणि डोळ्यांपुढे नटी, ही कसली भक्ती?’ असा प्रश्न वडीलधारी मंडळी करीत, आणि तो खोटा नव्हता. ज्याने मूळ गाणे ऐकले आहे, त्याच्या मनात चालीबरोबर मूळ शब्द येणारच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मुले चालीसाठी येतात आणि शब्द घेऊन जातात. रिकामी राहणाऱ्या सतरंजीपेक्षा हे बरे. हा वाद कोणत्याही गावात पुरता मिटला नाही. काही ठिकाणी मंदिरात पूर्वाचार्यांची स्तवने आणि मंडळात नव्या चाली, अशी वाटणी झाली.

वाद घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की ही रीत रेडिओने आणलेली नव्हती. मराठी रंगभूमीला ती चांगली परिचित होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, त्या परंपरेतल्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या परिचित पदाचा निर्देश केलेला आढळतो. जैन साहित्यात तर ही रीत त्याहून कित्येक शतके जुनी आहे. मध्ययुगातल्या साधुकवींनी रास आणि स्तवने रचताना प्रत्येक ढाळीच्या आरंभी ‘देशी’ लिहून ठेवली आहे. देशी म्हणजे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याची चाल. पाणवठ्यावरचे, लग्नातले, विरहाचे असे कोणतेही लौकिक गाणे त्यांनी वर्ज्य मानले नाही. आयंबिलाच्या ओळीत आजही वाचला जाणारा श्रीपाल रास संवत १७३८ मध्ये रांदेर येथे विनयविजयजींनी रचायला घेतला आणि त्यांच्या निधनानंतर यशोविजयजींनी पूर्ण केला. तोही अशाच ढाळींमध्ये बांधलेला आहे. मुंबईत वकिली करणारे मोहनलाल दलीचंद देसाई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘जैन गूर्जर कविओ’ हा ग्रंथ अनेक वर्षांच्या कष्टाने सिद्ध केला. हस्तलिखितांत विखुरलेल्या अशा देशींची सूचीही त्यांनी तयार केली. त्या सूचीतली कितीतरी लोकगीते आज कुणालाही येत नाहीत. त्यांच्या नावाची एक ओळ उरली आहे, तीही कोणा साधूने स्तवनाच्या डोक्यावर चाल म्हणून लिहिली म्हणून. उसनी आणलेली वस्तू जैन भांडारांनी मालकापेक्षाही जास्त काळ सांभाळली.

देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. १९५४ सालच्या ‘नागीन’ चित्रपटातली बीन त्या काळी घरोघर पोहोचली. संगीत हेमंतकुमारांचे होते, पण क्लॅव्हिओलिन या वाद्यावर ती वाजवणारे कल्याणजी हे कच्छहून मुंबईला आलेल्या वीरजी शहा या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, म्हणून त्याने दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवून ती फेडली, अशी या भावांची कथा सांगतात. वसुलीचा याहून चांगला प्रकार कोणत्या पेठेने पाहिला असेल! अलीगढचे रवींद्र जैन जन्मापासून दृष्टिहीन होते. लहानपणी जैन भजने गाता गाता त्यांचा गळा तयार झाला आणि पुढे १९७६ साली ‘चितचोर’च्या गाण्यांनी ते घरोघर पोहोचले. एखाद्या मंडळाने त्यांची चाल स्तवनाला घेतली असेल, तर भजनातून आलेले सूर पुन्हा भजनातच परतले म्हणायचे.

वडीलधाऱ्यांना रेडिओची भीती होती. प्रत्यक्षात रेडिओने स्तवन बुडवले नाही. तो फक्त चाल देई. शब्द ज्याचे त्याला करावे लागत. त्यामुळे चौथी-सातवी शिकलेल्या बाईच्याही हाती लेखणी आली. खरा खंड पडला तो १९८०च्या दशकात, टेपरेकॉर्डर आणि कॅसेटमुळे, आणि त्याची भीती कोणालाच वाटली नव्हती. कॅसेटवर अश्लील काही नव्हते. सुंदर आवाजात गायलेली, वाद्यमेळाने सजलेली स्तवनेच होती. ती घरोघर आनंदाने आली. पण तयार स्तवन मिळू लागल्यावर घरी रचण्याचे कारण उरले नाही. सुरेल कॅसेटपुढे आपला खरखरीत आवाज लावायला बायका संकोचू लागल्या. मंडळात गाणाऱ्यांच्या ऐकणाऱ्या झाल्या. पुढे भावनेला बाहेरगावचे संगीतकार येऊ लागले, ध्वनिक्षेपक आले, बोल्या मोठ्या झाल्या. स्तवने वाढली, गळे कमी झाले. लाल वहीतले शेवटचे पान बहुधा याच सुमारास लिहिले गेले आहे आणि त्यानंतरची पाने कोरी आहेत.

इथे जुन्या कथेचा उलटा फेरा दिसतो. सतराव्या शतकात चाल लौकिकाची आणि शब्द धर्माचे होते. काळाच्या ओघात लौकिक गाणे गेले आणि स्तवन राहिले. विसाव्या शतकातल्या वहीतही चाल लौकिकाची आणि शब्द धर्माचेच आहेत. परंतु आज चित्रपटगीत मोबाइलवर बोट ठेवताच मूळ आवाजात ऐकू येते, आणि त्या चालीवर घरच्या बाईने रचलेले स्तवन जगात एकाच वहीत आणि एखाद-दुसऱ्या थकलेल्या गळ्यात उरले आहे. ते गळे आता ऐंशीच्या पुढे आहेत. काही वह्या गुजराती लिपीत आहेत आणि मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. घर बदलताना, जुना वाडा पाडताना या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात जातात, कारण त्यांवर कोणाचे नाव नसते. आनंदघन, यशोविजय, विनयविजय यांच्या रचनांतून त्यांची नावे आपल्यापर्यंत आली. मंडळातल्या बाईला स्वतःचे नाव घालणे मानाची हाव वाटे. शेवटच्या ओळीत ती गुरुणींचे किंवा मंडळाचे नाव घाली. दुकानाच्या वह्यांत तिचे अक्षर नाही, भागीदारीच्या कागदांवर तिची सही नाही. जिने आयुष्यभर घर चालवले, तिचे स्वतःचे असे लिखाण या एका वहीत आहे.

ही सगळी स्तवने उच्च काव्य आहेत, असा दावा कोणी करणार नाही. अनेक ठिकाणी यमक ओढलेले आहे, काही ठिकाणी चालीसाठी अर्थाला मुरड घातली आहे. परंतु व्यापारी कधी फक्त नफ्याची पाने जपत नाही. जमा आणि नावे दोन्ही असलेली पूर्ण वही जपतो. एखाद्या पानावर धाकट्या लेकराच्या आजारात रचलेली प्रार्थना असते, एखाद्यावर दुकानाला आग लागली त्या वर्षीचे क्षमापनेचे पद असते, एखाद्यावर दीक्षा घेणाऱ्या नणंदेला दिलेला निरोप. घराचा इतिहास रोजमेळात जेवढा आहे, तेवढाच तो इथेही आहे.

तो वाचवायला मोठ्या निधीची गरज नाही. घरातल्या आजीला, मोठ्या आईला किंवा आत्याबाईंना एका दुपारी वही हाती देऊन म्हणायला सांगावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. आवाज कापरा आहे, सूर लागत नाही, ही सबब त्या सांगतीलच. ती ऐकू नये. म्हणण्यापूर्वी त्यांचे नाव, माहेर-सासरची गावे आणि स्तवन कोणत्या प्रसंगी रचले ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्यावे. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि कोपऱ्यातली ‘चाल’ त्यात येते आहे ना, हे पाहावे, कारण चाल हरवली तर शब्द मुके होतात. गुजराती लिपीतली पाने वाचणारी पिढी आहे तोवर ती बालबोधीत उतरवून घ्यावीत. हे काम सून आणि नातवंडे मिळून दोन-तीन रविवारांत करू शकतात. पर्युषणात मंडळाने कॅसेटच्या काळापूर्वीचे, आपल्याच गावात रचलेले एक तरी स्तवन वाद्याविना म्हणावे आणि रचणारीचे नाव मोठ्याने सांगावे.

जैन समाजाने ग्रंथ जपले, ते राजाश्रय असतानाही आणि नसतानाही. जेसलमेर आणि पाटणची भांडारे त्याची साक्ष आहेत. कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर घरांत ज्ञानपंचमी होते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर घरांत श्रुतपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, पुसायचे, वेष्टन बदलायचे आणि त्यांना वंदन करायचे, ही रीत आहे. या वर्षी त्या पाटावर आगमांच्या आणि छापील पुस्तकांच्या शेजारी ती लाल कापडाची लांबट वहीही ठेवावी. तिची धूळ पुसताना तिच्यावर नाव नसेल, तर जिचे अक्षर आहे तिचे नाव त्याच दिवशी, शक्य असल्यास तिच्याच हातून, पहिल्या पानावर नवकार मंत्राच्या खाली लिहून घ्यावे.